एक, दोन आणि एकतीस तारीख

टॅलीचं लायसन चालू नसलं की पहिल्याच पडद्यावर विचारणा होते: एज्युकेशनल मोडमध्ये काम सुरू ठेवायचं का? हो म्हटलं तर कंपनी उघडते. दुकानाचं नाव तेच असतं, लेजर तीच असतात. पण नवीन व्हाउचर टाकायला गेलं की तारीख फक्त महिन्याची १, २ किंवा ३१ चालते. शिकणाऱ्या मुलांसाठी ठेवलेली ही सोय आहे आणि त्यांच्यासाठी ती चांगलीच आहे. महाराष्ट्रातल्या गल्लीबोळातल्या क्लासेसमधून कॉमर्सची कितीतरी पोरं याच तीन तारखांवर जमाखर्च शिकली आणि नोकरीला लागली. चालत्या दुकानाला मात्र मधला सगळा महिनाच उरत नाही.

तरीही हा सौम्य प्रकार म्हणायला हवा, कारण कंपनी निदान उघडते. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एका कर सल्लागारांच्या ऑफिसात मी बसलो होतो, तेव्हा कडक प्रकारही बघायला मिळाला. खत-बियाण्यांचं दुकान चालवणारे एक गृहस्थ जीएसटीची नोटीस घेऊन आले होते. नोटीस जुन्या वर्षाची होती. त्या वर्षाचं बिलिंग त्यांनी एका छोट्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर केलं होतं. लायसन वर्षाच्या वर्षाला नवं करायचं, त्यासाठी कंपनीचा माणूस फोनवर एक कोड द्यायचा. पुढे ती कंपनी बंद पडली आणि फोन लागेना. गृहस्थ चांगले सावध होते. त्यांनी दर महिन्याला पेन ड्राइव्हवर बॅकअप घेतला होता आणि पेन ड्राइव्ह तिजोरीत ठेवला होता. सल्लागारांनी तो लावला. फोल्डर होते, फाइली होत्या, त्यांच्यावर तारखा होत्या. फाइलवर क्लिक केलं की सॉफ्टवेअर सुरू व्हायचं आणि नूतनीकरणाचा कोड मागायचं.

“साहेब, माल मी विकला, बिलं मी फाडली, कर मी भरला. मग हे मला का दाखवत नाही?” गृहस्थांनी विचारलं. सल्लागार बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

आपण ‘माझा हिशेब कॉम्प्युटरवर आहे’ असं म्हणतो, तेव्हा तिथे खरं तर तीन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली नोंद, जी आपली आहे. दुसरी ती नोंद समजणारा प्रोग्रॅम. तिसरी तो प्रोग्रॅम चालवण्याची परवानगी. बॅकअप फक्त पहिल्या गोष्टीचा होतो. दुसरी गोष्ट सीडीवर किंवा डाउनलोड करून ठेवता येते. तिसरी आपल्या हातात कधीच येत नाही. ती दुसऱ्याच्या सर्व्हरवर असते आणि तो सर्व्हर चालू आहे तोवरच आपली नोंद आपली असते.

हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर कळलं ते अमेरिकेतल्या लोकांना. तिथे घरचा जमाखर्च कॉम्प्युटरवर ठेवायची सवय ऐंशीच्या दशकापासूनची. स्कॉट कुक यांनी १९८३ साली इंट्यूइट ही कंपनी काढली आणि ‘क्विकन’ बाजारात आणलं. १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘मनी’ आणलं. दोघांची चुरस इतकी होती की १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंट्यूइटच विकत घ्यायचं ठरवलं. अमेरिकी न्याय खात्याने मक्तेदारीच्या मुद्द्यावर त्याला कोर्टात आव्हान दिलं आणि १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. घरोघरच्या जमाखर्चाची किंमत या कंपन्यांना तेव्हाच नीट कळली होती, असा याचा अर्थ.

चौदा वर्षांनी, जून २००९ मध्ये, मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की ‘मनी’ची विक्री ३० जूनला थांबेल आणि ऑनलाइन सेवा ३१ जानेवारी २०११ नंतर मिळणार नाहीत. बँकेतून व्यवहार आपोआप उतरवून घेणं बंद होणार, एवढंच बहुतेकांना वाटलं. अडचण त्याहून खोल होती. शेवटच्या ‘मनी प्लस’ आवृत्तीला ॲक्टिव्हेशन लागायचं. कॉम्प्युटर बदलला किंवा विंडोज नव्याने टाकलं की प्रोग्रॅम कंपनीच्या सर्व्हरला विचारणार आणि सर्व्हरने होकार दिला तरच उघडणार. होकार देणाराच निघून गेला की पैसे मोजून घेतलेली प्रत कामातून जाते. आणि ‘मनी’ची फाइल ही आतून कूटबद्ध केलेला डेटाबेस असते, दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅममध्ये ती सहज उघडत नाही.

मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये यावर तोडगा काढला आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. ‘मनी प्लस सनसेट’ नावाची आवृत्ती त्यांनी अमेरिकेतल्या ग्राहकांसाठी फुकट दिली. तिला ॲक्टिव्हेशन लागत नाही, ऑनलाइन सेवा नाहीत, पण जुनी फाइल उघडते, वाचता येते, पुढे लिहिताही येते. लोक ती आजही वापरतात. परंतु हे कंपनीने मनावर घेतलं म्हणून झालं. असं करायला तिला कुठल्याही कायद्याने बांधलेलं नव्हतं. सांगलीच्या त्या छोट्या कंपनीलाही कोणी बांधलेलं नव्हतं, म्हणून तिने काही केलं नाही.

कोथरूडमध्ये राहणाऱ्या एका निवृत्त इंजिनिअरांकडे मी ‘सनसेट’ चालताना पाहिलं. नव्वदच्या दशकात ते न्यू जर्सीला गेले आणि पहिल्या पगारापासूनचा हिशेब त्यांनी ‘मनी’त ठेवला. भारतात परतल्यावर लॅपटॉप गेला. नव्या लॅपटॉपवर जुनी प्रत चालेना. सनसेट आवृत्तीचा पत्ता लागेपर्यंत घरच्यांनी त्यांना ‘आता कशाला हवाय तो हिशेब’ असं समजावून पाहिलं होतं. तो का हवा होता ते त्यांनी मला फाइल उघडून दाखवलं.

कंपनीकडून सवलतीत मिळालेले शेअर त्यांच्याकडे होते. दर तिमाहीला लाभांश यायचा आणि त्यातून पुन्हा त्याच कंपनीच्या शेअरचे तुकडे घेतले जायचे. अशी बारा-पंधरा वर्षं. प्रत्येक तुकड्याची खरेदीची तारीख वेगळी, भाव वेगळा. हे शेअर विकले की नफ्यावर कर लागतो आणि नफा काढायला मूळ खरेदी किंमत लागते. अमेरिकेत ब्रोकरने ही खरेदी किंमत कर खात्याला कळवण्याचं बंधन शेअरच्या बाबतीत १ जानेवारी २०११पासूनच्या खरेदीला लागू झालं. त्याआधीच्या खरेदीचा पुरावा ज्याचा त्याने द्यायचा. पुरावा नसेल तर खरेदी किंमत शून्य धरून सगळ्या रकमेवर कर लावला जाऊ शकतो. म्हणजे ज्या महिन्यात ब्रोकरने नवे शेअर मोजायला सुरुवात केली, त्याच महिन्याच्या शेवटी जुन्या शेअरचा हिशेब असलेल्या प्रोग्रॅमच्या सेवा बंद झाल्या.

त्याच फाइलमध्ये भारतातलं एनआरई खातंही होतं. परदेशातल्या खात्यांची एकत्रित रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर अमेरिकी करदात्याला ती कळवावी लागते आणि त्याच्या नोंदी पाच वर्षं ठेवाव्या लागतात. तिकडे स्थायिक झालेल्या, पण इकडे आईवडिलांसाठी खातं चालू ठेवलेल्या मराठी माणसांना हे ओझं चांगलं परिचयाचं आहे. त्या नोंदींतल्या शेरा लिहायच्या रकान्यात त्यांनी बरंच काही टिपून ठेवलं होतं. आईच्या मोतीबिंदूचे पैसे, निम्मे दादाने दिले. गावच्या घराची कौलं. बँकेच्या स्टेटमेंटवर फक्त रक्कम आणि चेकचा नंबर असतो. कशासाठी आणि कोणाबरोबर वाटून, हे फक्त त्या रकान्यात होतं.

त्यांना मी विचारलं, हे सगळं एका साध्या फाइलमध्ये का काढून ठेवत नाही? त्यांनी काढून दाखवलं. ‘मनी’तून हिशेब बाहेर काढायचा मुख्य मार्ग म्हणजे क्यूआयएफ नावाची साध्या मजकुराची फाइल, मूळ क्विकनसाठी बनवलेली. नोटपॅडमध्ये ती उघडली की दिसतं: डी या अक्षरापुढे तारीख, टीपुढे रक्कम, पीपुढे कोणाला दिले त्याचं नाव, एमपुढे शेरा, आणि नोंद संपली की एका ओळीत फक्त काकपदासारखं टोकेरी चिन्ह. कोणालाही वाचता येईल इतकं सरळ. पण एका वेळी एकाच खात्याची फाइल निघते, आणि खात्यांमधले धागे, गुंतवणुकीचे तपशील आणि पुनर्गुंतवणुकीचे तुकडे त्यातून सुटतात किंवा दुप्पट होतात. तीस खाती काढायची, जोडायची, मग कुठे फरक पडला ते शोधत बसायचं. ज्यांना हे जमतं त्यांनी स्वतः छोटे प्रोग्रॅम लिहून ‘मनी’ची कूटबद्ध फाइल थेट वाचण्याची सोय केली आहे. हे काम त्यांनी फुकट केलं. मला ते फार मोलाचं वाटतं.

क्विकनची वाट थोडी वेगळी. पूर्वी क्विकन एकदा विकत घेतलं की आपलं. मात्र साधारण तीन वर्षांनी त्या आवृत्तीच्या ऑनलाइन सेवा बंद व्हायच्या आणि बँकेतून व्यवहार उतरवायचे असतील तर नवी आवृत्ती घ्यावी लागायची. २०१६ मध्ये इंट्यूइटने क्विकन विकून टाकलं आणि २०१८च्या आवृत्तीपासून नव्या मालकांनी वार्षिक वर्गणी सुरू केली. वर्गणी थांबली तर वरच्या आवृत्त्यांत जुन्या नोंदी बघता येतात, हाताने नवीन भरताही येतात. सगळ्यात स्वस्त ‘स्टार्टर’मध्ये फक्त बघता येतं. ज्याने कमी पैसे दिले त्याच्या हातातून लेखणी आधी काढून घेतली जाते.

मिंट तर फुकटच होतं. २००७ साली सुरू झालं, २००९ मध्ये इंट्यूइटने ते १७ कोटी डॉलरला घेतलं. बँकांची खाती जोडायची आणि सगळा खर्च एका पानावर बघायचा. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये ते बंद होणार असल्याची घोषणा झाली आणि मार्च २०२४ मध्ये दारं लागली. वापरणाऱ्यांना इंट्यूइटच्याच ‘क्रेडिट कर्मा’कडे जायला सांगितलं. तिथे मिंटसारखं दर महिन्याचं बजेट मांडता येत नव्हतं. व्यवहारांची यादी उतरवून घ्यायची मुभा होती आणि वेळेत ज्यांनी ती घेतली त्यांची यादी वाचली. ज्यांनी ईमेल वाचलीच नाही, जे त्या महिन्यांत आजारी होते, ज्यांच्या घरातला हिशेब बघणारा माणूसच गेला होता, त्यांचं काय झालं असेल याचा विचार मला वारंवार येतो. घरातला हिशेब बहुधा एकच माणूस ठेवतो. मुदतीची नोटीसही त्या एकाच माणसाच्या ईमेलवर जाते.

आपल्याकडे परत येऊ. भारतात हिशेबाचं सॉफ्टवेअर म्हणजे टॅली, हे समीकरण तसं कालपरवाचंच. श्याम सुंदर गोएंका कारखान्यांना आणि कापड गिरण्यांना कच्चा माल आणि सुटे भाग पुरवायचे. त्यांना मनासारखं हिशेबाचं सॉफ्टवेअर मिळेना म्हणून त्यांनी गणिताचा पदवीधर असलेल्या मुलाला, भरत गोएंकांना, ते लिहायला सांगितलं. १९८६ मध्ये कंपनी उभी राहिली. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ला व्हॅट आला आणि तालुक्यातालुक्यांतल्या दुकानांत टॅली ७.२ पोचलं. पुढे ईआरपी ९ आलं, २०२०च्या शेवटी टॅलीप्राइम आलं. ७.२चा डेटा नव्या आवृत्तीत थेट उघडत नाही, आधी तो एका वेगळ्या साधनातून पालटून घ्यावा लागतो. डेटा एकदा नव्या रूपात गेला की जुन्या आवृत्तीत माघारी येत नाही. हे साधन आज मिळतं. पंधरा वर्षांनी मिळेल का, याची हमी कुठल्या करारात लिहिलेली मी पाहिलेली नाही.

टॅलीचं कायमचं लायसन आजही मिळतं. वर्षाची वर्गणी भरली नाही तरी आहे ती आवृत्ती चालत राहते, फक्त नवे अपडेट मिळत नाहीत. मला ही रचना न्याय्य वाटते. पण रोजच्या कामात गोंधळ दुसऱ्याच ठिकाणी होतो. लायसन मशीनला बांधलेलं असतं, म्हणून कॉम्प्युटर बदलण्याआधी ते ‘सरेंडर’ करायचं असतं. दुकानातला पोरगा व्हायरस आला म्हणून मशीन फॉर्मॅट करून टाकतो आणि सरेंडर राहून जातं. किंवा लायसन घेताना दिलेला ईमेल असतो जुन्या अकाउंटंटचा, जो भांडून गेला. मग टॅली विकणाऱ्या पार्टनरला फोन, सिरीयल नंबर शोधा, जुन्या माणसाची मनधरणी करा. कर सल्लागारांनी मला सांगितलं की नव्या गिऱ्हाइकाला ते पहिला प्रश्न हाच विचारतात: लायसन कोणाच्या ईमेलवर आहे?

इंट्यूइटनेही भारतात ‘क्विकबुक्स’ आणलं होतं. ते संपूर्ण ऑनलाइन होतं, नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर. २०२२ मध्ये त्यांनी भारतातली सेवा बंद करत असल्याचं कळवलं आणि २०२३ मध्ये ती बंद झाली. मुदतीत हिशेब उतरवून घेण्याची सोय होती. पण इथे फोल्डरही आपला नाही, पेन ड्राइव्हही नाही. मुदत गेली की मागे काही राहत नाही.

आता कायद्याची बाजू बघू. सगळ्यात जास्त राग मला इथेच येतो. कंपनी कायदा, २०१३च्या कलम १२८प्रमाणे कंपनीने हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं जपायची. जीएसटी कायद्याच्या कलम ३६प्रमाणे व्यापाऱ्याने त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. म्हणजे २०१८-१९ या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरायची मुदत ३१ डिसेंबर २०२०पर्यंत वाढली होती, तर त्या वर्षाची वही ३१ डिसेंबर २०२६पर्यंत सांभाळायची. कंपन्यांनी इलेक्ट्रॉनिक हिशेब भारतातून कायम बघता येईल असा ठेवायचा, आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर त्याचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्याच सर्व्हरवर घ्यायचा. १ एप्रिल २०२३पासून सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे, ती बंद करता येता कामा नये. हे सगळे नियम योग्य आहेत. पण प्रत्येक नियमाचं तोंड हिशेब ठेवणाऱ्याकडे आहे. ज्याने सॉफ्टवेअर विकलं त्याच्यावर एकच अट घालायला हवी होती, की मुदत संपल्यावरही जुनी नोंद वाचू दे. ती कुठेच नाही. खताच्या दुकानदाराला सरकार सांगतं, बहात्तर महिने वही जप. त्याने जपली. उघडत नाही याचा दंडही त्यालाच.

लायसन थकलं म्हणूनच बंद होतं असंही नाही. जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जीच्या बाबतीत जे घडलं ते वाचून अनेक मोठ्या कंपन्यांची झोप उडाली असेल. गुजरातेत वाडिनारला तेलशुद्धीकरण कारखाना, कॉर्पोरेट कचेरी मुंबईत, रशियाच्या रॉसनेफ्टचा निम्म्याला थोडा कमी हिस्सा. १८ जुलैला युरोपीय संघाने नायरावर निर्बंध लादले आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने त्यांच्या ईमेल आणि इतर सेवा थांबवल्या. नायराचं म्हणणं असं की लायसनचे पूर्ण पैसे भरलेले होते आणि आपला स्वतःचाच डेटा आपल्याला मिळेनासा झाला. त्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि महिना संपण्याआधी सेवा पूर्ववत झाल्या. नायराकडे वकील होते. दुकानदाराकडे कर सल्लागार असतो आणि त्यालाही पंधरा ठिकाणच्या मुदती सांभाळायच्या असतात.

या सगळ्यावर उपाय आपल्या कायद्यात येता येता राहिला, हे फार थोड्यांना माहीत आहे. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने जुलै २०१८ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा मसुदा दिला. मुंबई दंगलींच्या चौकशी आयोगामुळे हे नाव मराठी वाचकांच्या ओळखीचं आहे. त्या मसुद्यात नागरिकाला एक हक्क होता: आपण दिलेली माहिती यंत्राला वाचता येईल अशा सर्वसाधारण रूपात परत मागण्याचा आणि ती दुसरीकडे नेण्याचा. युरोपात हा हक्क २०१८पासून लागू आहे. २०१९च्या विधेयकातही तो टिकला. ते विधेयक २०२२च्या ऑगस्टमध्ये मागे घेतलं गेलं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये जो कायदा झाला त्यात हा हक्क नाही. त्याच्या कलम ११मध्ये आपल्या माहितीचा फक्त गोषवारा मागण्याची तरतूद आहे. गोषवाऱ्यावरून कोणी भांडवली नफा काढू शकत नाही.

रिझर्व्ह बँकेची ‘अकाउंट ॲग्रिगेटर’ व्यवस्था सप्टेंबर २०२१पासून प्रत्यक्षात आली. आपल्या संमतीने एका बँकेतली माहिती दुसऱ्या संस्थेकडे नेता येते. मधल्या संस्थेला ती साठवून ठेवता येत नाही, संमतीला मुदत असते, ती मागेही घेता येते. चांगली आखणी आहे. पण ती बँकेकडे असलेली माहिती हलवते. आपण स्वतः लिहिलेला शेरा, वर्गवारी, निम्मे दादाने दिले ही नोंद, तिच्या कक्षेत येत नाही. शिवाय मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली बँकेवर व्यवहाराच्या नोंदी पाच वर्षं ठेवण्याचं बंधन आहे. त्यापलीकडचं स्टेटमेंट मिळालं तर मिळालं. सहाव्या वर्षी पूर्ण प्रत ज्याच्याकडे असेल तो एकटा माणूस म्हणजे आपणच, आणि आपली प्रत एका प्रोग्रॅमच्या परवानगीवर.

पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालात बांधलेले मोडीतले जमाखर्च आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्या दप्तरातून निवडून ४५ खंड छापले. मोडी आज रोजच्या वापरातून गेली आहे, तरी शिकून घेतलं की कोणीही विद्यार्थी अठराव्या शतकातल्या एखाद्या कारकुनाने लावलेली बेरीज वाचू शकतो, तपासू शकतो, चूकही काढू शकतो. कागदाला कसर लागते, पाणी लागतं, तो जळतो. पण वाचायला बसलेल्या माणसाला कागद कधी मज्जाव करत नाही. अडीचशे वर्षांपूर्वीचं सरकारी दप्तर वाचता येतं आणि सहा वर्षांपूर्वीचं आपलं बिल वाचता येत नाही, ही अवस्था आपण नाइलाज म्हणून स्वीकारू नये, असं मला मनापासून वाटतं.

पर्याय आहेत. ‘जीएनयूकॅश’ हा मुक्त प्रोग्रॅम १९९८पासून आहे. दुहेरी नोंद पद्धतीने चालतो, फुकट आहे, त्याला ॲक्टिव्हेशन नाही, आणि त्याची फाइल कशी रचलेली आहे हे उघड आहे, म्हणून उद्या हा प्रोग्रॅम लिहिणारे सगळे थांबले तरी फाइल वाचता येईल. त्याचा मराठी आणि कोकणी अनुवादही झालेला आहे. दुकानाला मात्र तो पुरा पडत नाही. जीएसटीची विवरणपत्रं, ई-वे बिल, बारकोड हे त्याच्या आवाक्याबाहेरचं. घरखर्च, ठेवी, म्युच्युअल फंड, शेअर यांच्यासाठी मात्र मी तो कोणालाही सुचवीन. ज्यांचं काम टॅलीवरच आहे, त्यांच्यासाठी एका सनदी लेखापालांची रीत मला आवडली. वर्ष बंद झालं की ते गिऱ्हाइकाच्या डे-बुकची, प्रत्येक लेजरची आणि ट्रायल बॅलन्सची पीडीएफ काढतात, त्याच गोष्टी एक्सेलमध्येही काढतात, आणि मालकाच्या हातात देऊन समोरच उघडून बघायला लावतात. त्यांच्या मते उघडून बघणं सगळ्यात महत्त्वाचं. कितीतरी लोक आयुष्यात एकदाही आपला बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघत नाहीत.

पण प्रत्येकाने आपापलं बघावं, एवढ्यावर हा विषय सोडता येणार नाही, कारण आपल्या कष्टाच्या पैशाचा हिशेब आपण सगळेच स्वतः ठेवत नाही. महाराष्ट्रात गावोगावी पतसंस्था आहेत. पिग्मी एजंट रोज दुकानातून पैसे गोळा करतो, संध्याकाळी ते मशीनमधून संस्थेच्या कॉम्प्युटरवर चढतात. ते सॉफ्टवेअर बहुधा जवळच्या शहरातल्या एखाद्या छोट्या कंपनीचं, वार्षिक देखभाल करारावर. करार थकला, भांडण झालं किंवा कंपनी बसली तर भाजीवालीच्या रोजच्या पन्नास रुपयांची नोंद कोणाच्या हातात राहील? बँकांना आणि मोठ्या वित्तसंस्थांना रिझर्व्ह बँकेने २०२३च्या आउटसोर्सिंग निर्देशांमधून सांगितलं आहे की बाहेरच्या कंपनीकडून संगणक सेवा घेताना त्यातून बाहेर पडायची तयारी आधीच करून ठेवा, डेटा परत कसा मिळेल हे करारात असू द्या. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, राज्याच्या सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. त्यामुळे हे काम पुण्यातल्या सहकार आयुक्तालयाचं आहे: करार कोणत्याही कारणाने संपला तरी सभासदांची सर्व खाती वाचता येतील अशा उघड स्वरूपात, ठरलेल्या दिवसांत आणि वेगळा मोबदला न घेता संस्थेला मिळतील, असं कलम प्रत्येक पतसंस्थेच्या सॉफ्टवेअर करारात सक्तीचं करणं, आणि ते आहे की नाही हे वैधानिक लेखापरीक्षकाला अहवालात लिहायला लावणं. त्याला संसदेचा नवा कायदा लागत नाही. संचालक मंडळ हे काम परिपत्रकाची वाट न बघता पुढच्या नूतनीकरणालाच करू शकतं, आणि वार्षिक सभेत उभं राहून ते विचारायचा हक्क प्रत्येक सभासदाला आजही आहे.